न आटणारं तळं

आमच्या शाखा कार्यालयात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. वेळ कळायची ती आण्णांच्या केसांवरून. केसांतून मानेवर पाणी ओघळत असलं की दहा वाजायला आलेत. नुसते ओलसर असले की साडेअकरा. आणि सुकून कपाळावर भुरभुरायला लागले की डबे सोडायला हरकत नाही. एकदा आण्णा तापानं घरी होते, तर आमच्या शिपायानं दुपारचा चहा दीड तास उशिरा केला आणि वर मलाच विचारलं, आज दिवस लांबलाय का म्हणून.

आण्णा कालवा निरीक्षक होते आणि मी लिपिक. नळदुर्गजवळच्या आमच्या धरणाचं पाणी कालव्यानं शेतांना जातं. कोणत्या शेताची पाळी कधी, दार किती उचलायचं, पाणी शेवटपर्यंत पोचलं की मध्येच कुणी फोडून घेतलं, हे पाहायचं काम त्यांचं. ते कागदावर उतरवायचं काम माझं. ते जळकोटचे. रोज सकाळी हायवेनं, ट्रकांच्या कडेकडेनं सायकल मारत यायचे, सायकल धरणाच्या भिंतीला टेकवायचे, शर्ट-पँटची घडी करून काठावरच्या एका ठरलेल्या दगडावर ठेवायचे आणि पाण्यात शिरायचे. पलीकडच्या काठाला हात लावून परत. मग ऑफिस, आणि त्यानंतर कालव्याची पाहणी, तीही बऱ्याचदा पळत पळत. बाकीचे निरीक्षक मोटरसायकलवर फिरायचे. आण्णा म्हणायचे, गाडीवरनं नुसता रस्ता दिसतो, पाणी दिसत नाही.

आण्णांना जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांच्या निवृत्तीनंतर आलेला निरीक्षक चांगला माणूस आहे, कामसू आहे, पण दहा वाजता त्याचे केस कोरडे असतात आणि मला ते उगाचच खटकतं. मला आण्णांची फार आठवण येते. नुसती येत नाही, एका गोष्टीपायी ती टोचत राहते. ती गोष्ट सांगायची म्हणूनच हे लिहायला घेतलंय, पण सरळ तिच्यावर यायचं धाडस होत नाही. म्हणून आधी जरा इकडचं तिकडचं सांगतो.

आण्णांचं सगळं शहाणपण कालव्याच्या टेलपाशी सुरू व्हायचं. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. वरच्या अंगाचे लोक मनसोक्त पाणी घेतात आणि टेलच्या शेतात ढेकळं कोरडीच राहतात, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलेलं. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते मुद्दाम शेवटच्या ओळीत बसायचे आणि तिथवर जिलबी पोचते का ते बघायचे. नाही पोचली तर उठून वाढप्याला दंडाला धरून आणायचे. माझ्या लग्नात त्यांनी हे केलं आणि माझे सासरे दोन वर्षं मला विचारत होते की तो ओल्या केसांचा माणूस नेमका कुणाकडचा होता.

दुसरी गोष्ट सत्काराची. कुठलाही कार्यक्रम असो, शाल-श्रीफळाचं ताट आत यायला आणि आण्णांची खुर्ची रिकामी व्हायला एकच गाठ. कुणाचाही सत्कार असला तरी तेच. मला वाटायचं, हा विक्षिप्तपणा आहे. मग एकदा त्यांनी कारण सांगितलं. तरुणपणी कालवा फुटला होता आणि आण्णांनी छातीएवढ्या गाळात उभं राहून तो बुजवला होता. गावानं सत्कार ठेवला. पाहुण्यांचं भाषण लांबत गेलं. त्याच दुपारी टेलच्या एका बाईच्या शेताची पाळी होती आणि दार उचलायची जबाबदारी आण्णांची. पाहुणे बसेपर्यंत पाळी उलटून गेली, पाणी पुढच्या चारीला, म्हणजे पुढच्या पोटकालव्याला गेलं. "ती बाई दिसभर बांधावर उभी व्हती," आण्णा म्हणाले, "आन् म्या खुर्चीत शाल पांघरून." तेव्हापासून त्यांनी अंगावर शाल घेतली नाही, आणि कुणाला घेताना पाहिलंही नाही.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याला सरावलेल्या होत्या. आण्णांच्या पळण्यावर त्यांचं एकच म्हणणं असायचं, की बैलसुद्धा दुपारी सावलीला बसतो. पण डब्यात भाकरी मात्र चार घालायच्या.

सोलापूरचे एक हाडांचे डॉक्टर रविवारी दोन-चार मित्र घेऊन धरणात पोहायला यायचे. अंगाला चिकटलेले काळे रबरी कपडे, डोळ्यांना चष्मे, कमरेला फुगा. एका रविवारी पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीतला एक म्हातारा त्यांना मागं टाकून गेला आणि ते पलीकडच्या काठाला पोचले तेव्हा तो मान तिरकी करून कानातलं पाणी काढत बसला होता. पुढच्या रविवारी डॉक्टरांनी घड्याळ लावून आण्णांना पोहायला लावलं. त्याच्या पुढच्या रविवारी आण्णांनी मला बोलावून घेतलं. डॉक्टर इंग्रजीत काही बोलले तर समजावून सांगायला. डॉक्टर तर चांगलं सोलापुरी मराठी बोलत होते. त्यांनी सांगितलं की अशी एक शर्यत असते. दोन किलोमीटर समुद्रात पोहायचं, अंग पुसायच्या आत सायकलवर बसून नव्वद किलोमीटर जायचं आणि सायकल टाकून एकवीस किलोमीटर पळायचं. वयाप्रमाणे गट असतात. आण्णांच्या गटात पहिला येणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत जागा मिळते. अशी जागा एकच.

आण्णा म्हणाले, "म्हंजे आमी रोज करताव तेच की. जरा लांबड लावून."

जागतिक स्पर्धा वगैरे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग डॉक्टरांनी मोबाइलवर ती स्पर्धा जिथं होणार होती तिथलं तळं दाखवलं. दूर देशातलं, डोंगरांच्या कुशीतलं, डोंगरांवर बर्फ. आण्णांनी मोबाइल हातात घेतला. पाणी गोडं आहे का, विचारलं. किती खोल आहे, विचारलं. मग विचारलं, "कवा आटतंय?"

डॉक्टर हसले. म्हणाले, आटतच नाही. वरून बर्फ वितळत राहतो, बारा महिने तेवढंच पाणी. आण्णा त्या चित्राकडे बघत राहिले. मोबाइलचा पडदा काळा झाला तसा त्यांनी तो डॉक्टरांपुढे धरला आणि परत लावून द्यायला सांगितलं.

डॉक्टरांना ते गमतीचं वाटलं असेल. मला नाही वाटलं, कारण मी आण्णांना कोरड्या वर्षात पाहिलं होतं. त्या वर्षी धरणात आधी डबकी उरली आणि मग तीही गेली. तळाला भेगा पडल्या. तरी आण्णा रोज सकाळी यायचे, शर्टाची घडी त्याच दगडावर ठेवायचे आणि ज्या रेषेत पोहायचे त्याच रेषेत उघड्या अंगानं भेगाळल्या तळावरून चालत पलीकडं जायचे. काठाला हात लावायचा, परत यायचं. मी एकदा त्यांच्याबरोबर चाललो. मध्येच एका जागी थांबून म्हणाले, "हितं गार लागतंय बघ." पायाखाली फुफाटा होता. हे कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, वाट विसरू नये म्हणून.

त्या माणसाला कुणीतरी सांगितलं की जगात एक असं पाणी आहे जे आटत नाही. झालं. आण्णांना ते तळं पाहिजे झालं. डॉक्टर गेल्यावर धरणाच्या भिंतीवर बसून मला म्हणाले, "पाणी मोजण्यात जलम गेला. न मोजता येणारं पाणी एकदा अंगावर घ्याचं हाय." इतक्या वर्षांत आण्णांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. रजासुद्धा ते दुसऱ्याच्या लग्नासाठी घ्यायचे.

डॉक्टरांनी त्यांची जुनी शर्यतीची सायकल आण्णांना दिली. वाकड्या मुठींची, वाऱ्यानं उडेल इतकी हलकी. नव्वद किलोमीटर म्हणजे किती, याचा हिशेब आण्णांनी आपल्या पद्धतीनं लावला: नळदुर्गाहून निघून येरमाळ्याच्या येडाईच्या, म्हणजे येडेश्वरीच्या देवळापर्यंत. महिन्यातून दोनदा रविवारी ते तेवढं जायचे आणि येताना सायकल एसटीच्या टपावर टाकून यायचे. येडेश्वरीला जातोच आहे तर वहिनी ओटी द्यायच्या. पहिल्या खेपेला आण्णा सायकलीबरोबर मिळालेली तंग चड्डी घालूनच टेकडी चढून देवीसमोर गेले. पुजाऱ्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेला आणि एक उपरणं आणून न बोलता त्यांच्या कमरेला गुंडाळलं. पुढच्या खेपेपासून ओटीबरोबर पिशवीत धोतर असायचं. डॉक्टरांनी मनगटाला बांधायला घड्याळ दिलं होतं, त्यात नाडीचे ठोके दिसायचे. आण्णांनी ते मला दिलं. आपले ठोके आपण बघितले की ते बावरतात, असं त्यांचं मत होतं.

शर्यतीचं तंत्रही त्यांनी टेलवरच बसवलं होतं. हेडवाल्यानं, म्हणजे वरच्या अंगाच्यानं, सगळं पाणी पिलं तर टेल कोरडा राहणार. म्हणून पोहताना आणि सायकलवर हात राखून जायचं आणि सगळं पाणी शेवटच्या पाच किलोमीटरला सोडायचं. डॉक्टर म्हणाले, हेच मोठे प्रशिक्षक सांगतात. आण्णा म्हणाले, मग त्यांच्याकडं पण कालवा असेल.

शर्यतीच्या पंधरा दिवस आधी आयोजकांचं पत्र आलं. इंग्रजीत, दोन पानी. डॉक्टरांनी ते माझ्या मोबाइलवर पाठवलं, मी ऑफिसात त्याची प्रत काढली आणि आण्णांना मराठी करून वाचून दाखवली. कुठं उतरायचं, किती वाजता जमायचं, सायकल आदल्या दिवशी कुठं लावायची, संध्याकाळी बक्षीस समारंभ. पहिल्या पानाच्या तळाशी सही आली आणि मी थांबलो.

आता हे लिहिताना लाज वाटते, पण जसं झालं तसं सांगतो. पंधरा वर्षांच्या नोकरीनं मला एक शिकवलं होतं. पत्राच्या सहीखाली काय असतं? प्रत माहितीस्तव, प्रत माहितीस्तव आणि कार्यालयीन संचिका. सहीखालचं कोणी वाचत नाही. लिहिणाराही वाचत नाही. सही दिसली की माझा हात आपोआप कागद पालथा घालतो, तसा तो त्या दिवशीही घातला. आण्णांनी विचारलं, झालं एवढंच का? मी म्हटलं, एवढंच.

शर्यतीला त्यांच्याबरोबर मी गेलो. समुद्र आण्णांनी पहिल्यांदाच पाहिला. आदल्या संध्याकाळी काठावर गेले, ओंजळीत पाणी घेतलं, चव बघितली आणि थुंकले. एवढं पाणी आणि एकाही कामाचं नाही, असं काहीसं पुटपुटले. सकाळी मात्र हजारभर माणसांबरोबर ते त्यात शिरले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या गटातल्या फार थोड्यांची डोकी त्यांच्या पुढं होती. मग सायकल. सायकल ठेवून पळायला निघायच्या जागी बाकीचे उभ्या उभ्या गोड चिकटं काहीतरी तोंडात पिळून पळत होते. आण्णा मांडी घालून खाली बसले, फडकं सोडलं आणि कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन खायला लागले. उभ्यानं खाल्लेलं अंगाला लागत नाही, हा वहिनींचा दंडक. मी कठड्याबाहेरून ओरडत होतो. एक पोरगेलीशी स्वयंसेविका धावत आली, तर आण्णांनी भाकरीचा चतकोर तिच्यापुढं धरला. मग हात पुसून, फडक्याची घडी घालून उठले आणि पळायला लागले.

शेवटच्या पाच किलोमीटरला त्यांनी खरोखरच सगळं पाणी सोडलं. मी ते पाहिलंय. तिशी-पस्तिशीची माणसं कमरेवर हात ठेवून चालत होती आणि आण्णा त्यांच्यामधून, चारीतून पाणी निघावं तसे, ना घाई ना थांबणं, सरळ निघाले होते. मी त्यांच्याबरोबर कठड्याच्या या बाजूनं पळत राहिलो आणि माझी चप्पल तुटली.

फलकावर नाव लागलं. त्यांच्या गटात तिसरे.

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग ते तळं?"

मी म्हटलं, जागा एकच आण्णा, ती पहिल्याला. पहिला आलेला एक उंच गोरा परदेशी होता. आण्णांनी त्याला लांबून पाहून घेतलं. म्हणाले, त्ये लई भारी पळतंय, त्याला मिळू दे. आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. नाडी सुटत नव्हती. मी खाली बसून सोडली. ते माझ्याकडे बघत नव्हते, समुद्राकडे बघत होते.

संध्याकाळी समारंभ होता. मी आण्णांना म्हटलं, पहिल्या तिघांचा सत्कार आहे. म्हटलं आणि मलाच हसू आलं, कारण ते तोवर पिशवी आवरायला लागले होते. चारची सोलापूर गाडी आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी थांबवू शकलो असतो. पण मी दिवसभर उन्हात उभा होतो, एका पायात चप्पल नव्हती, आणि मलाही घरी जायचं होतं. डॉक्टर अजून शर्यतीतच होते, त्यांची वाट न बघता आम्ही सायकल टपावर बांधली आणि गाडीत बसलो.

आण्णा खिडकीशी झोपले. कानाच्या पाळीवर मीठ वाळलं होतं. ऊन कलायला आलं तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. ते ओरडतच होते, कुठं आहात तुम्ही, आण्णा कुठं आहेत.

पहिल्या आलेल्या परदेशी माणसाकडे दुसऱ्या कुठल्या तरी शर्यतीतून मिळालेली जागा आधीच होती. त्यानं ही नाकारली. मग दुसऱ्याला विचारलं. त्याचा गुडघा गेला होता, तोही नको म्हणाला. मग तिसऱ्याचं नाव पुकारलं. माणूस स्वतः सभागृहात हवा आणि त्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायला हवं, असा नियम. तीन वेळा पुकारलं. डॉक्टर नुकतेच आत आले होते, ते म्हणाले थांबा, मी बोलावतो. पण दुसऱ्यानं उत्तर दिलेलं चालत नाही. चौथ्याचं नाव पुकारलं आणि चौथा धावत मंचावर गेला.

मी विचारलं, आता काही होतं का? डॉक्टर म्हणाले, काही होत नाही. मग हळू आवाजात म्हणाले, पत्रात दुसऱ्या पानावर सगळं लिहिलं होतं हो.

मी फोन ठेवला. आण्णा जागे झाले होते. कुणाचा फोन, त्यांनी विचारलं.

"घरचा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि परत डोळे मिटले. डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी हात जोडून सांगितलं, आण्णांना मी सांगतो, तुम्ही सांगू नका. ते बिचारे कबूल झाले. मी ऑफिसात जाऊन दुसरं पान वाचलं. अगदी ठळक अक्षरात होतं. ते पान मी टेबलाच्या खणात ठेवून दिलं आणि कुलूप लावलं.

उद्या सांगू, असं म्हणत मी दोन वर्षं काढली. आण्णा पुढच्या वर्षीच्या तयारीला लागले होते, या खेपेला पहिलाच येतो म्हणत होते. त्यांची सायकल सकाळी भिंतीला टेकलेली दिसली की मी मान खाली घालून ऑफिसात शिरायचो. दुपारी आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायचो. ते मला त्या तळ्याबद्दल विचारायचे, तिथं मासे कसले असतील, काठाला चिखल असेल की वाळू. मी मोबाइलवर शोधून सांगायचो. दुसरं काय करणार होतो?

पुढच्या शर्यतीच्या अर्जाला तब्येतीचा दाखला लागायचा. सोलापूरला तपासणी झाली आणि काळजाची एक झडप नीट मिटत नाही असं निघालं. लांबचं पोहणं बंद, पळणं बंद, शर्यतीचं नाव काढायचं नाही. आण्णांनी मला ते असं सांगितलं: "दार लीक हाय म्हणला डॉक्टर. तीस वर्सं दुसऱ्याची दारं बसवली, आपलं बघायचं ऱ्हायलं." आणि हसले. मला हसता आलं नाही. वहिनींनी त्यांना येडाईची शपथ घातली होती, ती त्यांनी पाळली. ते रोज धरणावर यायचे, त्याच दगडावर बसायचे, पाय पाण्यात सोडायचे. दहा वाजता ऑफिसात यायचे तेव्हा केस कोरडे असायचे. शिपाई चहाला उशीर करायचा आणि त्याला कोणी बोलत नसे.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी चार्ज द्यायचा-घ्यायचा होता. निरोप समारंभ नको म्हणून त्यांनी आधीच लिहून दिलं होतं. प्रत्येक दाराची चावी ते नव्या निरीक्षकाच्या हातात देत गेले आणि कुठलं दार अडतं, कुठल्याला लाथ घालावी लागते, ते सांगत गेले. सगळं देऊन झालं. यादीवर माझी सही झाली. संध्याकाळी ते धरणाकडं निघाले तेव्हा मी खण उघडला, ते पान घेतलं आणि त्यांच्यामागं गेलो.

भिंतीवर त्यांच्या शेजारी बसून मी ते पान मराठी करून वाचलं, पहिलं वाचलं होतं तसंच. मग सगळं सांगितलं. सही, पालथा कागद, डॉक्टरांचा फोन, सगळं. आण्णांनी मध्ये एकदाच विचारलं, दुसऱ्यानं खरंच नको म्हटलं का? मी हो म्हटलं.

"त्यो फोन घरचा न्हवता तर."

"नाही."

ते पाण्याकडे बघायला लागले. धरण त्या वर्षी चांगलं भरलं होतं. मग म्हणाले, "कागद वाचायचा ऱ्हायला, त्याचं काय न्हाय. माणूस चुकतंय. पर दोन वर्सं तू रोज माझ्यासंगं चा पिलास आन् बोल्ला न्हाईस."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही आणि आण्णांनीही समजूत काढली नाही. ते रागावले होते. इतक्या वर्षांच्या कालव्यावरच्या भांडणांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, पण तो राग दुसरा. हा वेगळा होता आणि माझ्यावर होता. मला वाटलं, आता हे उठतील, सायकल घेतील आणि जळकोटला जातील, आणि संपलं.

ते उठले, पण सायकलीकडं गेले नाहीत. मला विचारलं, "कसं पुकारलं त्यांनी? आण्णा म्हणून?"

मी म्हटलं, नाही, पूर्ण नावानं. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं.

ते गुडघ्यावर हात ठेवून काठाचे दगड उतरत खाली गेले, पार पाण्यापर्यंत. तिथं माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.

"पुकार," म्हणाले.

मला कळेना. त्यांनी मान वळवली नाही. "पुकार की."

मी उभा राहिलो आणि त्यांचं नाव पुकारलं. पूर्ण नाव. इतकी वर्षं कागदावर लिहिलेलं नाव मी पहिल्यांदा तोंडानं घेत होतो. आण्णा हलले नाहीत. मी परत पुकारलं, जरा मोठ्यानं. पलीकडच्या काठाला म्हशी धूत असलेल्या माणसानं वर पाहिलं. आण्णा तसेच उभे. मी तिसऱ्यांदा पुकारलं, पलीकडच्या काठाला पोचेल इतक्या मोठ्यानं.

आण्णांनी उजवा हात उंच वर केला आणि पाण्याकडं तोंड करून ओ दिली.